आधी हिशोब, मग अर्पणाचे आवाहन

मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, पैशाविषयी मराठी ख्रिस्ती समाजात जे बोलले जाते त्याचा रोख बहुधा देणाऱ्यावर असतो. सभासद देत नाहीत, दिले तर खिशातली सुटी नाणी देतात, लग्नात लाखांनी खर्च करतात आणि उपासनेत दहाची नोट टाकतात, अशी तक्रार मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीच्या बैठकींतून वर्षानुवर्षे ऐकू येते, आणि तिच्यावरचा उपाय म्हणून दशमांशावर, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाच्या कार्यासाठी बाजूला काढण्याच्या बायबलमधील प्रथेवर, आणखी एक प्रवचन योजले जाते. पवई परिसरातील मंडळ्यांच्या हिशोबवह्यांशी दीर्घकाळ आलेला संबंध हा प्रस्तुत लेखनाचा आधार असून तो अनुभव निराळेच सांगतो: श्रद्धा शाबूत असतानाही, दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले हे कळेनासे झाले की अर्पण आटू लागते. आपल्याजवळचे धन, वेळ आणि कौशल्य देवाचे आहे व आपण ते सांभाळणारे कारभारी आहोत, या शिकवणीला कारभारीपण म्हणतात. ती सभासदाला लागू आहेच, परंतु ज्याच्या हाती सभासदाचा पैसा येतो त्याला ती आधी लागू होते.

पवईचे ख्रिस्ती जीवन एकजिनसी नाही, ही गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते. सोळाव्या शतकात, पवई ज्यात मोडते ते साष्टी बेट पोर्तुगीज अमलाखाली असताना, जेझुइट धर्मगुरूंनी या भागात पवित्र त्रैक्याच्या नावाने ख्रिस्ती वस्ती उभारली, आणि पवईचे होली ट्रिनिटी चर्च आजही तेच नाव धारण करते. १९५८ मध्ये आयआयटी सुरू झाली, पुढे हिरानंदानी संकुल उभे राहिले आणि देशभरातून नोकरीसाठी आलेली ख्रिस्ती कुटुंबे येथे स्थिरावली. परिणामी एकाच उपासनेत टॉवरमधला अभियंता आणि त्याच टॉवरमध्ये धुणीभांडी करणारी बाई शेजारी बसतात, आणि अर्पणाची पिशवी दोघांच्याही समोरून जाते. देण्याविषयीचे कोणतेही आवाहन या दोघांना एकाच वेळी ऐकू जाते, याचा विसर आवाहन करणाऱ्यास पडता कामा नये.

साष्टीतील ख्रिस्ती लोकांना देणे नवे नाही. पोर्तुगीज काळात चर्चला राजसत्तेचा आश्रय होता. १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेतली व १७३९ मध्ये वसई पडली, तेव्हा तो आश्रय संपला, आणि त्यानंतर गावोगावची प्रार्थनामंदिरे टिकली ती पुष्कळ अंशी गावकऱ्यांच्याच बळावर. ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-साष्टीतील मूळच्या कॅथलिक, समाजात ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी साजरा होणारा आगेरा हा सण त्या सवयीची खूण आहे: भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणल्या जातात, त्यांना आशीर्वाद दिला जातो, आणि पिकातला पहिला वाटा देवाचा ही भावना लहान मुलालाही डोळ्यांनी दिसते. शेते गेली, भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि देण्याचे हे दृश्य रूप मात्र बँकेच्या खात्यावर महिन्याच्या १ तारखेला जमा होणाऱ्या पगारात कुठेच उरले नाही. ते पुन्हा कसे घडवावे हा उपनगरी मंडळीपुढचा खरा प्रश्न आहे.

मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांची वाट वेगळी होती. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनचा खर्च बॉस्टन येथील बोर्ड उचलत असे, आणि शिक्षक, उपदेशक व पाळक यांचे वेतनही बहुतांशी तेथूनच येई. बोर्डाचे सचिव रुफस अँडरसन १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानात आले ते एक आग्रह घेऊनच: स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण सोसावा आणि आपला प्रसार आपण करावा. तत्त्व उत्तम होते, पण मंडळीत येणारी माणसे मुख्यतः गावकुसाबाहेरची, भूमिहीन आणि १८७६-७८ च्या दुष्काळासारख्या आपत्तींनी पिचलेली होती, त्यामुळे मिशन हे मायबाप ही समजूत घट्ट झाली. कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडून ‘देवाचा दरबार’ हा मिशनपासून स्वतंत्र असा ख्रिस्ती बंधुसंघ आरंभला, त्यामागे याच परावलंबनाची सल होती. १९७० मध्ये नागपूर येथे अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तोवर परदेशी मदतीचा काळ ओसरू लागला होता, आणि अलीकडे २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीविषयीचा कायदा इतका कडक झाला आहे की अशी रक्कम दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच स्वीकारावी लागते आणि तिच्यातून प्रशासनावर २० टक्क्यांपेक्षा अधिक खर्च करता येत नाही. मंडळीचे पोट यापुढे मंडळीनेच भरावयाचे आहे. प्रश्न आहे तो मागण्याच्या रीतीचा.

या संदर्भात एका मंडळीत घडलेली हकिकत, नाव न घेता, नोंदवणे आवश्यक आहे. उपासनागृहाच्या पत्र्याच्या छपराला गळती लागली होती. पावसाळ्यापूर्वी ते बदलावे म्हणून ‘छप्पर निधी’ अशा शिक्क्याची पाकिटे वाटली गेली आणि लोकांनी ती मनापासून भरली, त्यात घरकाम करणाऱ्या बायकांची पाकिटेही होती. रक्कम नेहमीच्या खात्यात जमा झाली. महिनाअखेरीस पाळकांचे वेतन आणि विजेचे बिल थकले तेव्हा तीच उचलली गेली, एका सभासदाच्या इस्पितळाच्या बिलाला तिच्यातूनच हातभार लागला, आणि जुलैत छप्पर पूर्वीसारखेच गळत राहिले. कोणीही एक रुपया खिशात घातला नव्हता. वार्षिक सभेत प्रश्न विचारला गेला, त्याला उत्तर मिळाले की सगळे देवाच्याच कामी लागले आहे, आणि हे उत्तर खरे असूनही त्याच क्षणी मंडळीचा विश्वास ढळला. पुढच्या वर्षी पाकिटे रिकामी परत आली; विशेष म्हणजे हात आखडता घेणारे लोक तेच होते जे आजवर न चुकता देत आले होते, कारण दुखावला जातो तो देणाराच, न देणाऱ्याला दुखावण्यासारखे काही नसते. त्यावर मलाखीच्या पुस्तकावर, दशमांश न देणे म्हणजे देवाला लुबाडणे या अर्थाच्या भागावर, प्रवचन झाले, आणि जे काही उरले होते तेही गेले.

ज्या कामासाठी पैसा मागितला त्याच कामाला तो लावावा, हा नियम नवा किंवा केवळ व्यवहारी नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील १२६७ वा नियम विशिष्ट हेतूने दिलेले दान त्याच हेतूसाठी वापरण्याचे बंधन घालतो, १२८७ वा नियम श्रद्धावंतांनी दिलेल्या धनाचा हिशोब त्यांना देण्यास सांगतो, आणि ५३७ वा नियम प्रत्येक पॅरिशमध्ये वित्त परिषद, म्हणजे धर्मगुरूंना आर्थिक कारभारात साहाय्य करणारी श्रद्धावंतांची समिती, असावी असे ठरवतो. त्याहून जुना दाखला पौलाचा आहे. यरुशलेममधील गरिबांसाठी त्याने जमा केलेला निधी त्याने एकट्याने नेला नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली, आणि एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवहारात कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये हे त्यामागचे कारण करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात त्याने स्वतःच सांगितले आहे. अर्पणावरच्या प्रवचनांत त्या अध्यायाचा देणाऱ्यांसाठीचा भाग वारंवार येतो आणि हिशोबाचा भाग क्वचितच येतो, ही खेदाची बाब आहे.

छप्पर निधीवरून विश्वास गमावलेल्या त्या मंडळीत तो परत आला मोजणीच्या टेबलावरून. मोजणीची रीत अशी असावी. उपासना संपताच पिशव्या उघड्यावर, दार उघडे ठेवून, टेबलावर रिकाम्या कराव्यात. एकमेकांचे नातलग नसलेल्या दोघांनी स्वतंत्रपणे मोजावे व तिसऱ्याने लिहावे. नोटांच्या घड्या उलगडून मूल्यानुसार गठ्ठे करावेत, नाणी वेगळी मांडावीत, पाकिटावरील क्रमांक व आतली रक्कम समोरासमोर नोंदवावी, आणि तिघांच्या सह्या झाल्याखेरीज रक्कम कोणाच्याही पिशवीत जाऊ नये. ती दुसऱ्याच दिवशी बँकेत भरावी आणि त्यातून परस्पर चहाचा किंवा रिक्षाचा खर्चही करू नये, कारण खर्चाला वेगळे व्हाउचर असते. नेमक्या याच शिस्तीचा काहींना राग येतो. आमच्यावर विश्वास नाही काय, असे ज्येष्ठ विचारतात. त्यांना सांगावे लागते की दुसरी सही ही मोजणाऱ्याची ढाल आहे, उद्या कोणी शंका घेतली तर तीच त्याच्या बाजूने बोलणार आहे.

आता पिशवीपेक्षा भिंतीवरच्या क्यूआर कोडवर अधिक पैसा येतो, आणि धोका तेथे सरकला आहे. छोट्या, भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या मंडळ्यांत हा कोड पुष्कळदा पाळकांच्या किंवा एखाद्या उत्साही तरुणाच्या खासगी मोबाइल क्रमांकाला जोडलेला असतो. हेतू शुद्ध असला तरी तो पैसा कायद्याच्या दृष्टीने त्या व्यक्तीच्या खात्यात येतो, घरखर्चात मिसळतो, आणि ती व्यक्ती आजारी पडली किंवा मंडळी सोडून गेली तर हिशोबाचा धागाच तुटतो. मंडळीची नोंदणी करून तिच्या नावाचे खाते उघडणे, ते किमान दोन सह्यांनी चालवणे आणि कोड त्याच खात्याचा लावणे, एवढे झाल्याशिवाय दशमांशावर एकही प्रवचन होऊ नये, असे स्पष्ट मत येथे नोंदवावेसे वाटते.

किती द्यावे या प्रश्नावर घाई अनर्थकारक ठरते. उदाहरणादाखल, महिना १२ हजार कमावणाऱ्या बाईचे १,२०० रुपये म्हणजे तिचे रेशन किंवा मुलाची फी असते, तर २ लाख पगाराच्या माणसाचे २० हजार गेल्याने त्याच्या ताटातले काही कमी होत नाही. दहावा हिस्सा आकड्याने समान असला तरी त्यागाने समान नसतो. मंदिराच्या भांडारापुढे बसून येशूने विधवेची दोन नाणी पाहिली ती कथा सर्वांना ठाऊक आहे, परंतु त्याच्या लगेच आधी विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर त्याने केलेली टीका आहे, आणि दोन्ही उतारे एकत्र वाचल्यास गरिबाकडून अर्पण घेताना मंडळीच्या शिरावर येणारी जबाबदारी लक्षात येते. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपला वाटा वर्षारंभी आपणच ठरवावा, तो लहान असला तरी नियमित द्यावा, आणि अडचणीच्या काळात थांबवण्याची मोकळीक त्याला असावी. कोण किती देतो हे पाळकांना कळू नये, म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना त्यांच्या मनात आकडा येणार नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी ही १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली व मुंबईतही कार्यरत असलेली गरीबसेवेची कॅथलिक संघटना आहे. तिच्या बैठकीत वर्गणी गुप्तपणे गोळा करण्याची जी प्रथा आहे, तिच्यामागे हाच विवेक आहे.

याउलट सर्वांसमोर देण्याचा प्रकार म्हणजे कापणीच्या सणाचा लिलाव. घरून आणलेला भोपळा, अंडी, कोंबडी, नारळ बोली लावून विकण्याची मराठी मंडळ्यांतील ही रीत आनंदाची आहे, वस्तूने देणाऱ्या गरिबाला तिच्यात मान मिळतो, आणि ती मोडू नये. मात्र एका नारळावरची बोली दोन घरांतल्या चुरशीत हजारांवर जाऊ लागली की सूत्रसंचालकाने ती तेथेच थांबवावी, कारण त्या टाळ्यांत पाठीमागच्या बाकावरची कुटुंबे गप्प होतात.

अर्पण वाढावे म्हणून करसवलतीचे आमिषही दाखवू नये. केवळ धार्मिक कार्यासाठी दिलेल्या देणगीला सर्वसाधारणपणे ती सवलत मिळत नाही, आणि पावतीवर चुकीचा मजकूर छापल्यास उत्तर विश्वस्तांना द्यावे लागते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेला हिशोब ठेवणे व ते तपासून घेणे बंधनकारक आहे, आणि त्याच कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये स्थावर मालमत्ता विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. पवईसारख्या, जागेला सोन्याचा भाव असलेल्या भागात मंडळीच्या अंदाजपत्रकातील तुटीचा प्रश्न जमिनीच्या तुकड्याने सुटेल असा मोह वारंवार पडतो, पण विकलेली जागा एकदाच पैसा देते आणि सभासदांना वाटू लागते की आता आपल्या शंभर रुपयांची गरज उरली नाही.

तपासनीसांचा अहवाल सूचनाफलकावर टाचून कर्तव्य पुरे होत नाही, कारण ताळेबंद सर्वांना वाचता येत नाही. दर तीन महिन्यांनी उपासनेनंतर खजिनदाराने साध्या मराठीत किती आले, कोणत्या निधीत आले, कशावर गेले आणि किती शिल्लक आहे हे सांगावे, प्रश्न घ्यावेत, आणि एखाद्या निधीतून उसने घेण्याची वेळ आलीच तर घेण्यापूर्वी मंडळीसमोर ठराव करून परतीची तारीख त्यात घालावी. तूट असेल तेव्हा तूट असाच शब्द वापरावा. वर उल्लेखिलेल्या मंडळीत छपराचे पत्रे अखेर बदलले गेले ते अशा एका तिमाही बैठकीनंतर, जिच्यात खजिनदाराने पूर्वी खर्ची पडलेल्या रकमेचा तपशील ओळीने वाचून दाखवला होता आणि पाकिटे पुन्हा वाटण्याची सूचना एका घरकाम करणाऱ्या बाईकडून आली होती.