ट्रकचे लायसन : परीक्षा हाताची, कसोटी झोपेची

‘डॉक्टर, ट्रकच्या लायसनला दाखला पाहिजे, तेवढी सही द्या,’ असे म्हणत अनेक तरुण दवाखान्यात येतात. दोन मिनिटांत सही-शिक्का मिळावा, एवढीच त्यांची अपेक्षा असते. काही ठिकाणी तो तसा मिळतोही. पण ज्या कागदाला आपण नुसता सोपस्कार समजतो, तो या धंद्यातला सर्वांत स्वस्त विमा आहे. ट्रक ड्रायव्हरची नोकरी डोळे, कान, कंबर आणि झोप या चार गोष्टींवर चालते. गिअर, क्लच आणि स्टीअरिंग शिकविणारे पुष्कळ भेटतात. या चार गोष्टींविषयी कोणी फारसे बोलत नाही. म्हणून आज त्यांचा विचार करू.

दाखल्यात काय तपासतात?

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे मालवाहतुकीची गाडी चालविण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्याआधी हलक्या वाहनाचे लायसन किमान एक वर्ष जवळ असावे लागते. ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र आणि डॉक्टरांचा ‘नमुना १-अ’ मधील दाखलाही लागतो. या दाखल्यात डॉक्टरांना स्पष्ट लिहून द्यावे लागते की, उमेदवाराला भर उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते, हॉर्नसारखे नेहमीचे आवाज ऐकू येतात, आणि त्याला रातांधळेपणा नाही.

पहिली परीक्षा तुम्ही घरीच करून पाहा. उभ्या गाडीपासून साधारण ३३ पावले मागे जा आणि नंबर वाचा. जमले नाही तर घाबरू नका. चष्मा लावून नीट दिसत असेल तर लायसन मिळण्यास अडचण नाही. फक्त तो चष्मा खिशात न राहता डोळ्यांवर राहिला पाहिजे, आणि दूरच्या प्रवासात दुसरा जोड बरोबर असला पाहिजे.

रंगांधळेपणा बहुधा जन्मजात असतो, पुरुषांमध्ये जास्त आढळतो आणि त्यावर औषध नाही. २०२० साली नियमात बदल होऊन सौम्य व मध्यम रंगांधळेपणा असणाऱ्यांना लायसनची वाट मोकळी झाली. म्हणून शंका असेल तर लपवाछपवी न करता नेत्रतज्ज्ञांकडून तपासून घ्यावे.

रातांधळेपणा दिवसा केलेल्या तपासणीत सहज सापडत नाही. दिवेलागणीनंतर ठेचकाळायला होत असेल, अंधारात माणूस अगदी जवळ आल्यावरच दिसत असेल, तर ते तुम्हीच डॉक्टरांना सांगितले पाहिजे. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे झालेला रातांधळेपणा उपचाराने बरा होतो. आनुवंशिक प्रकार मात्र बरा होत नाही. अशा तरुणाने ट्रकच्या धंद्याचा हट्ट सोडावा.

आकडी लपवू नका

अर्जात उमेदवाराने स्वतः सहीनिशी उत्तर द्यायचा एक प्रश्न असतो : आकडी येते का, किंवा कोणत्याही कारणाने अचानक शुद्ध हरपते अथवा चक्कर येते का? लग्न मोडेल, नोकरी जाईल या भीतीने घरचे लोक आकडी लपवितात. परंतु भरलेल्या ट्रकवर आकडी आली तर ड्रायव्हरबरोबर रस्त्यावरची निरपराध माणसेही जातात. आकडीचा आजार म्हणजे पाप नव्हे. औषधाने तो बहुतेकांचा ताब्यात राहतो आणि माणूस इतर अनेक कामे उत्तम करू शकतो. स्टीअरिंग हे मात्र त्याचे काम नव्हे.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण लांबले की रक्तातील साखर एकदम उतरू शकते. हात थरथरणे, दरदरून घाम, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. अशा ड्रायव्हरने गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून आखून घ्याव्यात आणि केबिनमध्ये हाताशी साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.

परीक्षेच्या दिवशी

आदल्या रात्री पोटभर झोप घ्या. सकाळी उपाशी जाऊ नका. पोहे, भाकरी, जे नेहमी पचते तेच खा. पाय थरथरले की क्लच उडतो, म्हणून पाळी येण्याआधी चार-पाच वेळा सावकाश श्वास घ्या. बाहेर सोडतानाचा श्वास जास्त लांब असू द्या, त्याने छातीची धडधड उतरते. गाडीत बसल्यावर आधी आरसे स्वतःच्या उंचीप्रमाणे लावा, मगच गाडी चालू करा. अधिकारी तेही पाहतात. नापास झालात तरी सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. तीन वेळा अपयश आले तर मात्र ६० दिवस थांबावे लागते.

पहिली नोकरी : खरी कसोटी झोपेची

परीक्षा दिवसाउजेडी आणि काही मिनिटांची असते. नोकरी मात्र रात्रीची, आणि अनेक तासांची. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत ते मेंदूला झोपेकडे ओढते. कितीही दणकट माणूस असला तरी हे घड्याळ त्याला चुकत नाही.

समजा, सकाळी सहाला उठलेला तरुण दिवसभर लासलगावला कांदा भरण्यात अडकला आणि रात्री आठला वाशीच्या बाजाराकडे निघाला. कसारा घाटात पोचेपर्यंत अकरा वाजून गेले, म्हणजे त्याला जागून १७ तास झाले. सलग १७ तास जागा असलेल्या माणसाचे मेंदू आणि हात, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या माणसाइतके मंद होतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. आपल्या कायद्याने वाहनचालकाला घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबही न घेता हा तरुण घाटात ‘पिऊन’ उतरतो आहे, आणि त्याची जाणीव ना त्याला आहे, ना मालकाला.

डुलकी सांगून येत नाही. डोळे उघडे असतानाही मेंदू तीन-चार सेकंद झोपतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने ट्रक सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातो. चार सेकंदांच्या डुलकीत तो सुमारे ६७ मीटर बिनचालकाचा धावतो!

वारंवार जांभई, डोळे चोळणे, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणे, गाडी पट्ट्यावर सरकणे ही धोक्याची घंटा समजा. खिडकी उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे, तंबाखूचा बार भरणे यांनी फार तर काही मिनिटे निभावतात. झोपेवर औषध एकच, आणि ते म्हणजे झोप.

पेट्रोल पंपावर किंवा धाब्याच्या आवारात गाडी लावा. रस्त्याच्या कडेला अंधारात नको. एक कप चहा किंवा कॉफी घ्या आणि लगेच १५ ते २० मिनिटे डोळे मिटून पडा. चहा-कॉफीचा परिणाम सुरू व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात, म्हणजे जागे होताना दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. उठल्यावर दहा मिनिटे पाय मोकळे करून मगच गाडी हलवा. हा उपाय तात्पुरता आहे. दिवसातून एकूण सात तास झोप मिळालीच पाहिजे.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे माप घालून दिले होते. पुढे कायदे बदलले, पण शरीराचे माप बदललेले नाही.

जोराने घोरणारे, घोरता घोरता श्वास अडकून दचकणारे आणि रात्रभर झोपूनही दिवसा पेंगणारे जे असतात, त्यांना झोपेत श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. वजन जास्त आणि मान जाड असलेल्यांत तो अधिक दिसतो. त्यावर उपचार आहेत. तपासणी करून घ्यावी.

गोळ्या, दारू आणि तंबाखू

सर्दी, खाज, खोकला यांवरच्या अनेक औषधांनी गुंगी येते. दुकानातून परस्पर गोळी घेऊ नका. ‘मी ट्रक चालवतो’ हे डॉक्टरांना आणि औषध दुकानदाराला आधी सांगा. झोप उडविणाऱ्या गोळ्या आणि अफू यांपासून लांबच राहा. त्यांचा अंमल उतरला की झोप दुप्पट जोराने झडप घालते.

रात्री उशिरापर्यंत घेतलेली दारू पहाटेही रक्तात असू शकते. लिंबूपाणी, आंघोळ किंवा काळा चहा यांनी ती लवकर उतरत नाही. पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुड्या सुटलेल्या नाहीत. तोंड पूर्वीइतके उघडत नसेल, तिखट झोंबत असेल, तर ती कर्करोगाआधीची पायरी असू शकते. ताबडतोब दाखवा.

कंबर, पाणी आणि घरापासून दूर

क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहील इतकी सीट जवळ घ्या. पाठ टेकलेली असावी. मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवा. तासन्‌तास त्यावर बसल्याने पायात कळ जाते. दर दोन-तीन तासांनी खाली उतरून चाला. केबिनमधून उडी मारू नका, गाडीकडे तोंड करून, दांडा धरून उतरा. लांबचा प्रवास संपल्याबरोबर पोती उचलायला धावू नका, आधी पाच मिनिटे कंबर मोकळी करा.

लघवीला थांबावे लागते म्हणून पाणी न पिण्याची सवय अनेकांना लागते. त्यातून मुतखडा आणि लघवीची जळजळ ओढवते. पाण्याची बाटली हाताशी ठेवा. रात्री धाब्यावर तेलकट जेवण आणि वर ताकाचा मोठा ग्लास, म्हणजे सुस्तीला आमंत्रण. प्रवासात थोडे आणि दोन-तीनदा खा.

अनेक दिवस घरापासून दूर राहणाऱ्या तरुणाला आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. असुरक्षित संबंधांतून एचआयव्हीची लागण होते आणि ती घरापर्यंत येते. निरोध वापरणे हा साधा बचाव आहे. एकत्र जेवण्याने किंवा एका केबिनमध्ये बसण्याने ही लागण होत नाही. सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत होते, औषधेही मोफत मिळतात. १०९७ या क्रमांकावर माहिती विचारता येते.

मालकाला काय विचारावे?

नोकरी धरताना पगार आणि भत्ता सगळेच विचारतात. त्याबरोबर हेही विचारा : लांबच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर आहे का? माल भरताना मला झोपायला मिळेल का? झोप आली म्हणून थांबलो तर उशिराचे पैसे कापणार का? पहिले काही दिवस एखाद्या जाणत्या उस्तादाबरोबर जाता आले तर उत्तम. मालकांनीही लक्षात घ्यावे की, अर्ध्या तासाचा उशीर भरून निघतो, गेलेला माणूस परत येत नाही.

घरच्यांसाठीही एक विनंती. रात्रभर गाडी चालवून आलेला मुलगा दिवसा झोपला तर त्याला आळशी म्हणू नका. खोलीत अंधार करा, पोरांना बाहेर खेळू द्या. आणि तो गाडीवर असताना ‘कुठपर्यंत आलास?’ म्हणून फोन करू नका. थांबला की तोच करील.

लक्षात ठेवा

* दाखला तपासणी करूनच घ्या. आजार लपवू नका.
* निघण्यापूर्वी ‘शेवटचा कधी झोपलो होतो?’ हे स्वतःला विचारा.
* दोन जांभया लागोपाठ आल्या की थांबण्याची जागा शोधा.
* चष्मा, पाणी, नेहमीची औषधे आणि प्रथमोपचार पेटी गाडीत हवीच.
* सीटबेल्ट प्रत्येक फेरीत, गावातल्या गावातही.
* अपघातात रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि महामार्गावर मदतीसाठी १०३३ हे क्रमांक पाठ ठेवा.
* व्यावसायिक लायसनचे नूतनीकरण पाच वर्षांनी होते. डोळे, रक्तदाब आणि साखर मात्र दरवर्षी तपासा.

(पुढील आठवड्यात : मुतखडा – समज आणि गैरसमज)