ओरखडा पडला तरी चालेल असा कॅमेरा

पालकहो, "मुलीला डीएसएलआर घ्यायचाय, कोणता घेऊ?" असं तुम्ही विचारता, तेव्हा आधी मीच तुम्हाला एक विचारते. तो कॅमेरा तिच्या हातून पडला, तर त्या दिवशी घरात काय होईल? दोन शब्द बोलून विषय संपेल, की कॅमेरा कपाटात जाऊन किल्ली तुमच्याकडे राहील? या प्रश्नाच्या खऱ्या उत्तरावरून किंमत ठरवा. ऐंशी हजारांचा कॅमेरा घेऊन "जपून हं, जपून" म्हणत तिच्या मागे फिरण्यापेक्षा पंचवीस-तीस हजारांत भागवा आणि तिला गल्लीत, गडावर, मावशीच्या लग्नात मोकळी सोडा. फोटोला हात बसावा लागतो, आणि हात बसायचा तर कॅमेरा रोज हाताळायला मिळाला पाहिजे.

आणखी एक मनापासून सांगते. "नव्वद टक्के मिळव, मग कॅमेरा" हा सौदा करू नका. ज्या मुलाला खरोखर आवड आहे, त्याची दोन वर्षं त्यात जातात. आणि ज्याने गुण मिळवून कॅमेरा जिंकला, त्याला तो बक्षिसासारखा मिरवायचा असतो, वापरायचा असेलच असं नाही. आवड आहे की नाही हे गुणपत्रिकेवरून कळत नाही, त्याच्या फोनमधले फोटो बघून कळतं. एकाच खिडकीचे सकाळ-संध्याकाळचे फोटो आहेत का? एकाच मांजराचे वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले आहेत का? असतील, तर वाट बघू नका.

फोनमध्येही चांगले फोटो येतात, मग हा खर्च कशाला, असं बाबा हमखास म्हणतात. बरोबर आहे, येतात. पण फोन बरंच काही आपल्या मनाने ठरवतो. अंधार असेल तर उजळवतो, हललेलं सावरतो. डीएसएलआरमध्ये प्रकाश किती आत घ्यायचा आणि किती वेळ घ्यायचा, हे मूल स्वतः ठरवू शकतं, आणि चुकलं तर चूक स्वच्छ दिसते. धावणारा भाऊ पुसट का आला, पाठीमागचं झाड विरघळून का गेलं, हे तिला शोधून काढावं लागतं. शिकणं तिथे होतं.

आता बाजारात काय आहे ते सांगते. कॅनन आणि निकॉन दोघांचंही लक्ष आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांकडे गेलेलं आहे. निकॉनचा डी३५०० हा २०१८ सालचा, आणि त्याचं उत्पादन थांबलेलं आहे. कॅननचा १५००डी २०१८ चा, २००डी मार्क टू २०१९ चा. "म्हणजे जुना माल घ्यायचा का?" तर हो, शिकण्यासाठी मी अजूनही हाच सल्ला देते. प्रकाशाचे नियम २०१८ मध्ये होते तेच आज आहेत. शिवाय लोक मिररलेसकडे वळल्यामुळे चांगल्या स्थितीतले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स वापरलेल्या मालात स्वस्त मिळतात. मुलाचा ओढा व्हिडिओकडे असेल, तर मात्र मिररलेसचा विचार जरूर करा. निदान बाहेरचा माइक लावायला जागा आहे का ते बघा: २००डी मार्क टूला ती आहे, १५००डी आणि डी३५०० ला नाही.

मेगापिक्सेलच्या आकड्यावर तुम्ही भुलू नये, असं मला फार वाटतं. ए-फोर आकाराची उत्तम प्रिंट काढायला साधारण ९ मेगापिक्सेल पुरतात, आणि वर सांगितलेले तिन्ही कॅमेरे २४ चे आहेत. त्यापेक्षा तिला दुकानात घेऊन जा आणि कॅमेरा तिच्या हातात द्या. तर्जनी शटरच्या बटणावर सहज टेकते का? करंगळी खाली लोंबकळते का? डी३५०० बॅटरीसकट सुमारे ४१५ ग्रॅम भरतो, १५००डी ४७५. दहा-बारा वर्षांच्या मनगटाला तासाभरात हा फरकही जाणवतो. मूल चष्मा लावत असेल, तर व्ह्यूफाइंडरच्या कडेला असलेलं छोटं चाक फिरवून बघा. ते डोळ्याच्या नंबरासाठी असतं. ते जुळवलं नाही म्हणून "कॅमेऱ्यातून सगळं धूसर दिसतं" म्हणणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत. कॅननच्या ३०००डीला हे चाकच नाही आणि लेन्स बसवायची कडीही प्लास्टिकची आहे, म्हणून थोडा स्वस्त असला तरी तो मी सुचवत नाही.

खरा पैसा लेन्ससाठी राखून ठेवा. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स पहिल्या वर्षाला पुरेशी आहे. दुकानदार दोन लेन्सचा संच गळ्यात मारायला बघेल. लांबचं टिपणारी ती दुसरी लेन्स बहुतेक घरांत पिशवीतच राहते. मूल पक्षीवेडं असेल, हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी बघायला नेता येणार असेल, तर गोष्ट वेगळी. एरवी त्या पैशांत एफ १.८ची एक साधी, झूम नसलेली लेन्स घ्या. किट लेन्स ५५वर नेली की तिचा मोठ्यात मोठा झरोका एफ ५.६ असतो. एफ १.८ त्याच्या साधारण दहापट प्रकाश आत घेते. संध्याकाळी स्वयंपाकघरात ट्यूबलाइटखाली आजी भाकरी थापतेय, तिचे हात न हलता टिपायचे, तर हा दहापटीचा फरक कामी येतो. ५० मिलिमीटरची लेन्स सगळ्यांत स्वस्त पडते, पण या छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांवर तिची नजर अरुंद होते. लहान फ्लॅटमध्ये चेहरा येतो, खोली मावत नाही. घरातलेच फोटो जास्त काढले जाणार असतील, तर निकॉनसाठी ३५ मिलिमीटरची बरी. निकॉन घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, डी३५०० आणि डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी 'एएफ-डी' लेन्स स्वस्तात मिळाली म्हणून घेतलीत, तर फोकस हाताने फिरवावा लागेल. लेन्सवर 'एएफ-एस' किंवा 'एएफ-पी' अशी अक्षरं असली पाहिजेत.

वापरलेला कॅमेरा घ्यायला मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात जा किंवा ओळखीतून घ्या, पण घाई करू नका. लेन्स काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या, तर ती बुरशी आहे. लेन्स परत ठेवा, किंमत कितीही उतरली तरी. एफ १६ लावून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, म्हणजे सेन्सरवरचे डाग उठून दिसतील. शटर किती वेळा पडलंय ते विचारा. या वर्गातल्या शटरचं आयुष्य साधारण एक लाख क्लिक धरतात. बॉडीच्या तळाचा अनुक्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा आणि बिल नसेल तर तिथून निघा.

बुरशीचं निघालंच आहे, तर कपाटाचंही सांगते. "चांगला राहावा" म्हणून लोक कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात कुलूपबंद ठेवतात. कोकणात, मुंबईत जूनपासून हवा इतकी दमट असते, की त्या अंधाऱ्या, कोंडलेल्या जागेत बुरशीला आयतं घर मिळतं, आणि ती काचेवरचा लेपही खाऊन टाकते. रोज उजेडात, वाऱ्यावर निघणारी लेन्स बहुधा वाचते. रात्री ठेवायला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या पुरतात. निळे खडे गुलाबी झाले की बदलायचे. तांदळाच्या डब्यात मात्र ठेवू नका, पिठाची भुकटी आत जाते.

कॅमेरा घरी आला, की तो कोणाचा हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर सांगून टाका. नाहीतर लग्नात तो काकांच्या गळ्यात असतो, सहलीत दादाच्या, आणि जिच्यासाठी घेतला ती फोटोत उभी असते. मुलींच्या बाबतीत हे जास्त घडतं, म्हणून मुद्दाम सांगते. १९१३ मध्ये जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या, आणि तरीही त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापून यायचे. तुमच्या घरात फोटोखाली तिचंच नाव येऊ द्या.

फोटो काढायला म्हणून लडाखची सहलही लगेच ठरवू नका. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीत मटार पेरून त्याच्या वाढीचं रोज थोडंथोडं चित्रण केलं होतं, आणि ती छोटी फिल्म दाखवूनच भांडवलाची सोय लावली. तिलाही बाल्कनीतली एक कुंडी महिनाभर पुरेल. महिना संपला, की तिलाच दहा फोटो निवडू द्या आणि जवळच्या स्टुडिओतून चार बाय सहाच्या प्रिंट काढून आणा. तुम्हाला आवडलेला फोटो तिने बाजूला काढला, तर "का गं?" एवढंच विचारा आणि तिचं सगळं बोलून होईपर्यंत ऐका.