कृत्रिम रोहिणीवर चांदीचा पहारा

रोहिणी फुगली किंवा तुंबली, म्हणजे शल्यविशारद तिच्या जागी कृत्रिम नळी जोडतात. १९५०च्या दशकात अमेरिकेत डॉ. मायकेल डीबेकी यांनी डेक्रॉन कापडाच्या अशा नळ्या घरी शिवणयंत्रावर शिवल्या होत्या. डेक्रॉन म्हणजे आपल्या टेरिलीनचेच भावंड. ते आजही वापरात आहे.

परंतु कापड निर्जीव. त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू त्यावर चिकटले, की स्वतःभोवती बुळबुळीत पटल विणतात. या पटलाआड प्रतिजैविकांचे फारसे चालत नाही. असा संसर्ग थोड्याच रुग्णांत होतो, पण झाला तर बहुधा नळीच काढावी लागते आणि ते जिवावर बेतू शकते. तेव्हा जंतूला चिकटताक्षणीच मारणे हे उत्तम.

चांदी जंतुनाशक आहे. तिच्या पृष्ठभागावरून सुटणारे आयन जंतूच्या आवरणाला इजा करतात व त्याच्या गंधकयुक्त प्रथिनांना चिकटून ती निकामी करतात. म्हणजे महत्त्व वजनाला नसून पृष्ठभागाला आहे. आता वहीवर हिशेब करा. १ सेंमी बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंमी. त्याचे १० नॅनोमीटर बाजूचे घन पाडले, तर प्रत्येक बाजूचे १० लाख भाग होतात आणि एकूण पृष्ठभागही १० लाख पट, म्हणजे ६०० चौरस मीटर भरतो! कबड्डीची चार मैदाने झाकून चांदी उरेल. (जंतू स्वतः सुमारे १००० नॅनोमीटरचा असतो.)

मात्र 'नॅनो' शब्दाला भुलू नये. चांदीचा आयन शत्रू-मित्र ओळखत नाही. नळीच्या आतून ज्या पेशींचे अस्तर यावे असे आपल्याला वाटते, त्यांनाही तो जाचतो. शिवाय साठा हळूहळू संपतो. चांदी लावलेल्या नळ्या बाजारात आहेत, पण त्यांनी संसर्ग खात्रीने घटतो असे निर्विवाद सिद्ध झालेले नाही. आयन किती व किती दिवस सुटावेत, हाच खरा प्रश्न आहे.

यावर एक निराळी वाट २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांना सिकाडा या कीटकाच्या पंखावर दिसली. पंखावरील नॅनोमीटर मापाच्या सुळक्यांवर बसलेल्या जंतूंचे आवरण ताणून फाटते. रसायन लागतच नाही. पण जाड भित्तिकेचे गोल जंतू त्या पंखावर तगून राहतात, आणि स्टॅफिलोकोकस नेमका त्यांच्यापैकीच आहे.