पाणी तपासणारी ताई आणि आपल्या लेकीची वाट



मागच्या महिन्यात आपल्या संघाच्या अकरा जणी कोथिंबीर-मेथीचा बाजार बघायला जुन्नरहून नवी मुंबईच्या एपीएमसी मार्केटला गेलो होतो. जुडीला मिळालेला भाव, भाडं, हमाली, आडत याचा हिशोब पुढच्या अंकात देते. आज त्याच पहाटे चहाच्या टपरीवर शिकायला मिळालेला पाठ सांगते.

माल उतरवून आम्ही बाकावर टेकलो होतो. शेजारी पंचविशीतली एक मुलगी डबा घेऊन थांबली होती. तिचे वडील कांदा-बटाटा मार्केटात माथाडी कामगार. आमच्यातल्या एका मावशींनी विचारलं, "तू काय करतेस गं?" ती म्हणाली, "पाणी तपासते मावशी. प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे."

मावशी एकदम सरसावून बसल्या. त्यांची लेक बारावी सायन्स झालेली. तिच्या 'लॅब टेक्निशियन' कोर्ससाठी ४०,००० रुपये कर्जाचा अर्ज त्याच आठवड्यात गटाकडे आला होता. मावशींनी कौतुकानं ते सांगितलं, तर त्या ताईंनी एवढंच विचारलं, "कसली लॅब? रक्ताची की पाण्याची?"

मावशींना उत्तर देता येईना. मलाही देता आलं नाही, आणि त्या अर्जावर शिफारशीची सही माझीच होती.

पाणी तपासतात म्हणजे काय करतात?

आपण म्हणतो, शितावरून भाताची परीक्षा. या कामाचं सगळं सार त्यात आहे. अख्खी नदी प्रयोगशाळेत नेता येत नाही, म्हणून तिचं एक शीत न्यायचं. पण ते शीत नीट उचललं नाही, तर परीक्षाही खोटी. म्हणून या कामात निम्मं कसब नमुना घेण्यातच आहे.

नदीचा नमुना काठाजवळच्या गाळातून किंवा वर तरंगणाऱ्या कचऱ्यातून घेत नाहीत. वाहत्या धारेत, पृष्ठभागाच्या थोडं खालून घेतात. बाटलीवर जागा, तारीख, वेळ तिथंच लिहितात. तापमान आणि सामू (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी, हे सांगणारा आकडा) तिथंच मोजतात, कारण वाटेत तो बदलतो.

पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायचा असेल तर काठावरच बाटलीत दोन रसायनं घालतात. प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. मासे जगतील का, याचा अंदाज या बाटलीवरून येतो.

जंतूंच्या तपासणीची बाटली वेगळी, निर्जंतुक केलेली. तिच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बोटसुद्धा लावायचं नाही. ती बर्फाच्या पेटीत ठेवून लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायची.

प्रयोगशाळेत गेल्यावर थेंबांचा खेळ सुरू होतो. पाण्याचा जडपणा मोजताना नमुन्यात एक रंग घालतात, तो होतो लालसर. मग नळीतून थेंब थेंब द्रावण सोडायचं. ज्या थेंबाला लाल जाऊन निळा आला, तिथं थांबायचं आणि आकडा लिहायचा. ताई म्हणाल्या, "एक थेंब जास्त पडला की आकडा चुकला. मग मनानं दुरुस्त करायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून."

सांडपाणी किती मिसळलंय ते कळायला आपल्याकडे नमुना २७ अंश तापमानात ३ दिवस ठेवतात आणि जंतूंनी किती प्राणवायू संपवला ते मोजतात. जोडीला शुद्ध पाण्याचा एक कोरा नमुनाही तपासतात. त्यात काही सापडलं तर दोष नदीचा नाही, आपल्या भांड्याचा किंवा हाताचा.

याला संशोधन का म्हणायचं? कारण एका दिवसाच्या आकड्यावरून फार काही ठरत नाही. तीच जागा, तीच पद्धत, दर महिन्याला, वर्षानुवर्षं. गावाच्या वरच्या बाजूचं पाणी आणि खालच्या बाजूचं पाणी शेजारी ठेवलं, की घाण कुठं मिसळली ते दिसतं. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ राज्यातल्या नद्यांचे नमुने असेच नियमित तपासतं. त्यांची मध्यवर्ती प्रयोगशाळा नवी मुंबईतच, महापे इथं आहे.

माझी चूक

हे ऐकताना मला माझंच आठवलं. गेल्या वर्षी एका गावात पोरांना जुलाब सुरू झाले, म्हणून विहिरीचं पाणी तपासायला मी घाईनं घेऊन गेले. कशात? थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत, दोनदा विसळून. दिवसभर ती स्कूटीच्या डिकीत, उन्हात. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत दिली, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "जंतूंची तपासणी यावर होणार नाही." पुन्हा नीट नमुना नेऊन अहवाल यायला आठ दिवस गेले. तोवर गाव तेच पाणी पीत होतं. अहवालात विष्ठेतले जंतू निघाले. पहिल्याच दिवशी मी आधी विचारलं असतं तर ते आठ दिवस वाचले असते.

आपल्या विहिरीसाठी लक्षात ठेवा

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० हे आहे. अहवाल हातात आला की निदान एवढे आकडे बघा:

- सामू: ६.५ ते ८.५
- विरघळलेले क्षार: लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात
- नायट्रेट: ४५ मिलिग्रॅमच्या आत, यात सूट नाही
- फ्लोराईड: १ च्या आत चांगलं, १.५ च्या वर नको
- ई. कोलाय जंतू: १०० मिलिलिटरमध्ये एकही नको

यातलं नायट्रेट आपल्या कामाचं. जास्त युरिया, विहिरीजवळचा उकिरडा, शोषखड्डा यांतून ते पाण्यात उतरतं. त्याला रंग नाही, वास नाही. आणि पाणी उकळून ते जात नाही. उलट वाफ गेली की उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला ते सगळ्यात घातक. उकळण्यानं जंतू मरतात, नायट्रेट नाही. हा फरक घरोघरी सांगा.

जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं. त्यात प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचं प्रशिक्षण द्यायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावच्या त्या पाच जणी कोण, ग्रामपंचायतीत विचारा. संचानं प्राथमिक अंदाज येतो. पक्क्या तपासणीसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत.

लेकीला या कामात यायचं असेल तर

१. डीएमएलटी हा कोर्स रक्त, लघवी तपासण्याचा, म्हणजे दवाखान्याच्या लॅबचा. काम चांगलंच आहे, पण पाण्याच्या प्रयोगशाळेची वाट ती नव्हे.

२. पाण्यासाठी बी.एस्सी. करावी: रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र.

३. दहावीला विज्ञान-गणित असेल तर आयटीआयमध्ये 'लॅबोरेटरी असिस्टंट, केमिकल प्लांट' हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्यातून प्रयोगशाळेतल्या कामाची सुरुवात होऊ शकते.

४. कामाची दुसरी बाजूही सांगा. तासन् तास उभं राहणं, ॲसिड हाताळणं, नमुन्यासाठी उन्हापावसात फिरणं, बऱ्याच जागा कंत्राटी. हातमोजे, चष्मा, ॲप्रन मिळतो का, हे नोकरी घेतानाच विचारायचं.

ताईंना मी विचारलं, यात सगळ्यात अवघड काय? त्या म्हणाल्या, "कुणी म्हणालं आकडा थोडा कमी लिहा, तर नाही म्हणणं. ते पाणी कुणीतरी पिणार असतं."

त्या कर्जाचं काय झालं?

परत आल्यावर आम्ही त्या क्लासला जाऊन अभ्यासक्रम मागितला. तो रक्त तपासणीचाच होता. मग बैठकीत मुलीलाच बोलावून विचारलं. तोवर तिला कुणी विचारलंच नव्हतं! ती म्हणाली, "मला रक्त बघवत नाही. मला केमिस्ट्री आवडते." आता ती तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.ला जाते. मावशींनी जुना अर्ज मागे घेतला आणि फी-पुस्तकांपुरता छोटा अर्ज दिला. त्यावर सही करण्याआधी मी या वेळी सगळं वाचलं.

या महिन्याच्या बैठकीत करायचं

- गावातले पिण्याच्या पाण्याचे स्रोत लिहून काढा. प्रत्येकाची शेवटची तपासणी कधी झाली, ते ग्रामपंचायतीकडून घ्या.
- नमुना नेण्याआधी प्रयोगशाळेला विचारा: बाटली कोणती, किती वेळात पोचवायची?
- शिक्षणाच्या कर्जाचा अर्ज आला की तीन प्रश्न विचारा: कोर्सचं पूर्ण नाव काय, मान्यता कुणाची, शिकून काम कुठं मिळणार? आणि चौथा प्रश्न मुलीला: तुला काय आवडतं?

तुमच्या गावचा अहवाल आला की मला नक्की दाखवा. आपण मिळून वाचू.

तुमची,
क्षेत्र समन्वयक