कुद्रेमुखची खाण

विहीर खणायची तर आपण आधी पाणाड्याला बोलावतो. तो जागा दाखवतो, मग कुदळ पडते. खाणीचंही तसंच. आधी माणसे येतात, जमिनीला भोके पाडतात, दगडाचे नमुने नेतात. हा झाला खनिजाचा शोध. कंपनीला त्याचा परवाना लागतो. पण माल सापडला म्हणून लगेच खाण काढता येत नाही, बरं का! त्यासाठी वेगळा खाणपट्टा घ्यावा लागतो. १९५७ सालचा कायदा तसे सांगतो.

आणि काही राने अशी आहेत, की तिथे कुणालाच खाण काढता येत नाही. कुद्रेमुखची हकिकत आम्ही सांगतो, ती ऐका.

हा डोंगर कर्नाटकात, आपल्याच सह्याद्रीच्या रांगेत आहे. कन्नड भाषेत कुदुरे म्हणजे घोडा. डोंगराचा आकार घोड्याच्या तोंडासारखा, म्हणून हे नाव. तुंगा आणि भद्रा या नद्या याच रानात उगम पावतात. पुढे त्यांची तुंगभद्रा होते आणि ती आपल्या महाबळेश्वरहून निघालेल्या कृष्णेला मिळते.

डोंगराच्या पोटात लोखंडाचा दगड. १९७६ साली तो काढायला सरकारी कंपनी निघाली. दगड फोडायचा, पिठासारखा दळायचा, पाण्यात कालवायचा आणि नळातून थेट मंगळूरला पाठवायचा. काम मोठे हुशारीचे, यात शंका नाही. पण तिथला पाऊस म्हणजे धो धो. उघड्या पडलेल्या डोंगराची माती वाहून भद्रेत उतरू लागली. खाली त्याच पाण्यावर लोकांची शेती.

१९८७ साली हे रान राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. खाण मात्र चालूच! पट्टा ३० वर्षांचा होता. तो १९९९ साली संपला, तेव्हा कंपनीने मुदत वाढवून मागितली. वनखात्यात नोकरी केलेले के. एम. चिन्नप्पा सर्वोच्च न्यायालयात गेले. २००२ साली निकाल लागला. खाण सरकारी असली तरी २००५ सालाअखेर बंद करा, असा हुकूम झाला. ती बंद झाली. वसाहतीतली बहुतेक बिऱ्हाडे उठली. त्यांच्या पोटाचा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. पण भद्रेकाठच्या शेतकऱ्यालाही पोट आहेच ना?

२०२३ साली याच न्यायालयाने साऱ्या देशासाठी सांगितले, की राष्ट्रीय उद्यानात, अभयारण्यात आणि त्यांच्या हद्दीपासून १ किलोमीटरपर्यंत खाण चालणार नाही. इतर सरकारी रानात खाण काढायची, तर १९८० च्या वनकायद्याप्रमाणे केंद्र सरकारची मंजुरी आधी लागते.

उद्या आपल्या शिवारात कुणी यंत्र घेऊन भोके पाडू लागला, तर हातघाईवर येऊ नका. कागद मागा. तो शोधाचा परवाना आहे की खाणपट्टा, ते स्वतः वाचा. ग्रामसभेतही मोठ्याने वाचा. गावाचा नकाशा तलाठ्याकडे मिळेल, अभयारण्याच्या हद्दीचा वनखात्याकडे. दोन्ही शेजारी ठेवा आणि अंतर मोजा.