नोकरीतील समाधान कसे मोजावे?

चिखलदरा येथील अभ्यासवर्गात आम्ही हा विषय मांडीत असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, माझा भाऊ पुण्याच्या एका कंपनीत संशोधन विभागात आहे. पगार चांगला आहे, पण घरी आला की गप्प गप्प असतो. त्याला समाधानी म्हणायचे की नाही?" या प्रश्नाचे उत्तर शोधणे हाच प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

उच्च तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात वऱ्हाड मागे नाही. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेने १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्या कार्याचे नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. आज आपली मुलेही अशा क्षेत्रात जात आहेत. म्हणून हा विषय आपल्या घरचा आहे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग व त्यांचे सहकारी यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व हिशेबनीस यांच्या मुलाखती घेऊन १९५९ साली निष्कर्ष मांडले. यश, कौतुक, जबाबदारी आणि प्रत्यक्ष काम यांतून समाधान मिळते. पगार, देखरेख, कंपनीचे धोरण यांत उणीव असली की असमाधान वाढते. म्हणजे चांगल्या पगाराने तक्रार थांबेल, पण समाधान येईलच असे नाही. हा सिद्धान्त सर्वांना मान्य नाही. तरी विचार करावयास तो उपयोगी आहे.

१९६९ साली पेट्रिशिया स्मिथ व सहकाऱ्यांनी पाच बाजू वेगवेगळ्या मोजण्याची पद्धत दिली : काम, पगार, बढती, देखरेख आणि सहकारी. वेगवेगळ्या का? समजा, एका संशोधकाने पाचपैकी गुण दिले : पगार ५, सहकारी ४, बढती ३, देखरेख २, काम १. सरासरी ३ येते आणि अहवालात 'ठीक' असे लिहिले जाते. परंतु ज्या कामासाठी तो शिकला, त्यालाच त्याने १ गुण दिला आहे, हे सरासरीत लपते.

आणखी एक गोष्ट. घराण्यात प्रथमच अशा पदावर पोहोचलेला मुलगा "समाधानी आहात काय?" या प्रश्नाला बहुधा "होय" म्हणतो. आईवडिलांचे कष्ट त्याच्या डोळ्यांपुढे असतात. तक्रार करणे त्याला कृतघ्नपणा वाटतो. परंतु कृतज्ञता म्हणजे समाधान नव्हे. म्हणून मूल्यमापन करताना :

१) प्रश्नपत्रिकेवर नाव नसावे.
२) वरिष्ठांनी ती स्वतः गोळा करू नये.
३) विषय निवडण्याची मोकळीक, श्रेय आणि समान वागणूक यांवर स्वतंत्र प्रश्न असावेत.
४) नोकरी सोडून गेलेल्यांनाही विचारावे.

त्या विद्यार्थिनीला आम्ही एवढेच सांगितले, "बाई, भाऊ घरी आला की पगार विचारू नकोस. 'या महिन्यात तुझ्या हातून काय नवीन झाले?' असे विचार." पालकांनीही हा प्रश्न विचारावा, ही विनंती.

स्वाध्याय : आपल्या परिचयातील एका नोकरदाराला पाचही बाजूंवर वेगवेगळे गुण देण्यास सांगा. सरासरीने काय लपविले, ते पाच ओळींत लिहा.