माया की धाक?

प्रश्न : खामगावात जिनिंगवर सुपरवायझर आहे. हाताखालची निम्मी माणसं गावचीच. गोडीत घेतलं तर ऐन हंगामात उशिरा येतात, रागावलं की दुसऱ्या दिवशी दांडी. काय करावं?

उत्तर : शेगाव तुमच्या शेजारीच आहे. गजानन महाराज संस्थानात हजारो सेवाधारी बिनपगारी राबतात, म्हणजे पगार कापायचा धाकही नाही. तिथे चिडलेल्या भाविकाशीही सेवाधारी ‘माऊली’ म्हणूनच बोलतो, पण रांग मोडू देत नाही. बोलणं मऊ, नियम टणक. ही घडी बसवणारे शिवशंकरभाऊ पाटील (निधन ४ ऑगस्ट २०२१) स्वतः संस्थानचा चहासुद्धा घेत नसत, असं शेगावात सांगतात. वरचाच माणूस असा असला की खालच्याला आवाज चढवून सांगावं लागत नाही.

तुमच्याकडे पगारी माणसं आहेत, हा फरक आहेच. तरी उशिरा आलेल्याला चारचौघांत झापू नका. बाजूला घेऊन घरचं विचारा, आणि हजेरीत उशीर मात्र लिहाच. विचारपूस केली म्हणून ती नोंद खोडायची नाही. भाच्या-पुतण्याला वेगळी सूटही नको. गावकीत खरा घोळ तिथेच होतो. उद्यापासून हजेरीवही दारात ठेवा, पहिली सही तुमची.